नीतिनियमांना दिलेली रजा

वॉशिंग्टन शहरांतील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत एक लहानशी पुस्तिका जपून ठेविलेली आहे. ती कोणा राष्ट्रपुरुषाची नव्हे. ह्यूस्टन येथील एन्रॉन या ऊर्जा-कंपनीनें जुलै २००० मध्यें आपल्या नोकरवर्गासाठीं छापविलेल्या नीतिनियमांची ती प्रत होय. साठांहून अधिक पानें, प्रारंभीं अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना, आणि आदर, सचोटी, संवाद व उत्कृष्टता या चार तत्त्वांचा उद्घोष! प्रत्येकानें ती वाचून, आपण तदनुसार वागूं असें सहीनिशीं लिहून द्यावयाचें होतें. पुढें सतरा महिन्यांनीं, २ डिसेंबर २००१ रोजीं, कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला.

एन्रॉनचें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. गुहागर तालुक्यांतील दाभोळ वीजप्रकल्पाचा करार, १९९५ सालीं तो रद्द होऊन पुन्हां जुळणें, महाग विजेवरून उठलेलें काहूर आणि २००१ मध्यें थांबलेलीं यंत्रें, हें सारें अनेक श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. तो इतिहास स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. येथें पहावयाचें तें ह्यूस्टनच्या कचेरींतील एक प्रकरण, आणि तें दाभोळइतकें गाजलेलें नाहीं.

एखादी कंपनी बुडाली म्हणजे तिला नियमच नव्हते, किंवा होते ते चोरून मोडले गेले, असा लोकांचा तर्क धांवतो. एन्रॉनच्या बाबतींत तो पुरता लागू पडत नाहीं. नियम होता, आणि चांगला होता. कंपनीशीं व्यवहार करणाऱ्या दुसऱ्या संस्थेंत कंपनीच्या पूर्णवेळ अधिकाऱ्यानें स्वतःचा हितसंबंध ठेवूं नये किंवा तिचा कारभार पाहूं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. मात्र त्याला एक शेपूट होतें: कंपनीच्या हितास बाध येत नाहीं असें अध्यक्षांचें मत पडल्यास सूट देतां येईल.

२८ जून १९९९ रोजीं संचालक-मंडळाची एक विशेष सभा झाली. मुख्य अर्थाधिकारी अँड्र्यू फॅस्टो यांनीं एलजेएम नांवाची एक भागीदारी काढावी, स्वतःच ती चालवावी आणि तिनें एन्रॉनशीं सौदे करावेत, या योजनेस मंडळानें मान्यता दिली. ऑक्टोबरांत दुसऱ्या, कितीतरी मोठ्या भागीदारीसाठीं हीच सूट मिळाली. पुढील वर्षीं तिसऱ्यानें. म्हणजे नोकरांच्या हातीं ती सुबक पुस्तिका पडली तेव्हां तींतील एक कलम वरच्या मजल्यावर दोनदां रजेवर गेलेलें होतें.

या सौद्यांचें मर्म समजण्यास हिशेबशास्त्र नको. एखाद्या पेढीच्या मुनिमानें शेजारीं स्वतःची दुसरी पेढी उघडावी, पहिलीला जड झालेला माल दुसरीस विकल्याचें दाखवावें, पहिलीच्या वहींत नफा लिहावा, आणि भाव ठरवितांना दोन्ही गाद्यांवर आपणच बसावें, असा तो प्रकार. विशेष हें कीं, मालकांच्या प्रतिनिधींस तो ठाऊक होता! ते अडाणी होते असेंही म्हणतां येत नाहीं. हिशेबतपासणी-समितीचे प्रमुख रॉबर्ट जेडिकी हे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक व स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यापारशिक्षण-शाळेचे माजी प्रमुख होते.

मंडळानें कांहीं बंधनें घातलीं होतीं. दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं प्रत्येक सौदा तपासावा, समितीनें वर्षांतून एकदां आढावा घ्यावा, जेफ्री स्किलिंग यांनीं मंजुरीपत्रावर सही करावी. मागाहून चौकशी झाली तेव्हां अनेक मंजुरीपत्रांवर ती सही आढळली नाहीं. फॅस्टो यांस या भागीदाऱ्यांतून किती प्राप्ति झाली, हा प्रश्न मंडळानें ऑक्टोबर २००१ पर्यंत त्यांस विचारला नाहीं. विचारला तेव्हां उत्तर आलें, साडेचार कोटी डॉलर.

खालच्या माणसांची कुचंबणा याहून बोलकी आहे. एन्रॉनच्या वतीनें भाव पाडून घेण्यास जे बसत, त्यांच्यापुढें प्रतिपक्ष म्हणून त्यांचेच वरिष्ठ फॅस्टो असत. आणि वर्षअखेरचें बक्षीस ठरविण्यांतही त्यांचाच हात. कोषाध्यक्ष जेफ्री मॅकमहॉन यांनीं मार्च २००० मध्यें ही अडचण स्किलिंग यांच्या कानीं घातली. थोड्याच दिवसांत त्यांची दुसऱ्या जागीं नेमणूक झाली. ऑगस्ट २००१ मध्यें शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनीं अध्यक्षांस पत्र लिहिलें, आणि कंपनीच्या नेहमींच्या वकिलांकडे चौकशी देऊं नये असेंही सुचविलें. चौकशी त्यांच्याचकडे गेली.

भागधारकांस कांहींच कळविलें नव्हतें, असें नाहीं. वार्षिक अहवालाच्या टीपांत, संबंधित भागीदारीचा चालक हा कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी आहे, एवढें छापलेलें होतें. वाक्य खरें होतें. मात्र त्यावरून उमज पडावी अशी त्याची रचना नव्हती.

नुकसान कोणाचें झालें? नोकरांच्या निवृत्ति-बचतीचा सुमारे साठ टक्के भाग एन्रॉनच्याच भागांत गुंतलेला होता. ऑगस्ट २००० मध्यें एका भागाची किंमत नव्वद डॉलरच्या घरांत होती. दिवाळें निघण्यापूर्वींच ती एका डॉलरखालीं घसरली. सप्टेंबर २००१ मध्येंही अध्यक्ष नोकरांस, हा भाव म्हणजे मोठी स्वस्ताई आहे, असें सांगत होते. अर्जानंतर लगोलग सुमारें चार हजार माणसांस घरीं पाठविण्यांत आलें. नोकरी आणि उतारवयाची पुंजी एकाच आठवड्यांत गेली. आणि याच लोकांनीं त्या पुस्तिकेच्या अखेरीं सह्या केल्या होत्या.

फॅस्टो यांस २००६ मध्यें सहा वर्षांची शिक्षा झाली. स्किलिंग यांस चोवीस वर्षांहून अधिक, ती पुढें चौदांवर आली. ले हे दोषी ठरले, पण शिक्षा सुनावण्यापूर्वींच वारले.

जुलै २००२ मध्यें अमेरिकेनें जो नवा कायदा केला, त्यांत एक कलम नेमकें या सभेकडे बोट दाखवितें. वरिष्ठ अर्थाधिकाऱ्यांसाठीं नीतिनियम आहेत कीं नाहींत, हें कंपनीनें जाहीर करावें. नसल्यास कां नाहींत तेंही सांगावें. आणि त्या नियमांतून कोणास सूट दिल्यास ती गोष्ट तत्काळ लोकांपुढें मांडावी. सूट देण्यास बंदी नाहीं. ती बंद दाराआड देतां येत नाहीं, इतकेंच.