‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी



आठ-दहा वर्षांच्या डेस्कटॉपच्या स्क्रीनवर रंगीत पट्टे दिसू लागले, चालता चालता डिस्प्ले गेला, की दुकानातून बहुधा एकच निदान ऐकू येतं: ‘कार्ड गेलंय, नवं टाका.’ कधी ते खरं असतं. पण हीच लक्षणं केबलमुळे दिसतात, ड्रायव्हरमुळे दिसतात आणि थकलेल्या एसएमपीएसमुळे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यामुळेही दिसतात. या तिन्हींची तपासणी घरी, जवळपास फुकटात होते. म्हणून कार्डावर ठपका सगळ्यांत शेवटी ठेवावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. आणि डिस्प्ले बिघडला म्हणून लगेच ‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्याला आधी थांबवा. ग्राफिक्स कार्ड बिघडल्याने हार्डडिस्कमधले फोटो जात नाहीत. घाईने मारलेल्या फॉरमॅटने मात्र जातात.

सुरुवात एका प्रश्नाने करा. पट्टे नेमके कधी दिसतात? बटण दाबल्याबरोबर, कंपनीचा लोगो येतानाच दिसत असतील, तर विंडोज अजून सुरूच झालेली नाही, ड्रायव्हरही चढलेला नाही. तो निर्दोष सुटला. विंडोज आल्यावरच दिसत असतील, तर आधी ड्रायव्हरकडे बघा. पण त्यावरून कार्ड धडधाकट आहे असं मात्र ठरत नाही. लोगो दाखवायला कार्डावरची मेमरी अगदी थोडी लागते. खराब भाग पुढे, काम वाढल्यावर वापरात येऊ शकतो.

आता मला सर्वांत आवडणारी चाचणी. स्क्रीनवर ठिपके-चौकटी दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि ती फाइल मोबाइलवर उघडून पाहा. स्क्रीनशॉट मॉनिटरवरून घेतला जात नाही, मेमरीत तयार झालेल्या चित्रावरून घेतला जातो. चित्र मोबाइलवरही फाटलेलं असेल, तर दोष चित्र तयार होतानाच शिरला: कार्डाची चिप, तिची मेमरी किंवा ड्रायव्हर. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल, तर दोष त्यापुढच्या वाटेवर शोधायचा. केबल बदला, कार्डाचं दुसरं पोर्ट वापरा, शेजाऱ्यांचा मॉनिटर तासाभरासाठी मागा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.

ड्रायव्हरवर संशय असेल, तर सेफ मोडमध्ये जा. तिथे विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. त्यात चित्र शांत राहिलं, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका. जुन्या कार्डाला आजचा ड्रायव्हर चालेलच असं नाही. एनव्हिडियाच्या २०१२ सालच्या केप्लर पिढीतल्या कार्डांसाठी ४७० मालिकेचा ड्रायव्हर शेवटचा ठरला; त्यापुढच्या मालिकांमध्ये ती कार्डं नाहीत. अशा वेळी आपल्या मॉडेलचा शेवटचा ड्रायव्हर शोधून तोच टाकायचा.

गेम किंवा व्हिडिओचं काम सुरू होताच मशीन धाडकन बंद पडत असेल, तर एसएमपीएस तपासा. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॉटची आणि आठ पिनांची १५० वॉटची. एसएमपीएसवरच्या स्टिकरवर ठळक छापलेल्या ‘४५० वॉट’ला भुलू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ असतील, तर बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॉट, आणि त्यातच प्रोसेसरचाही वाटा आला. मल्टिमीटर असेल तर मशीनवर लोड असताना पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये मोजा, ११.४ व्होल्टच्या खाली आकडा गेला, तर एसएमपीएस बदलायला झाला आहे. एसएमपीएसचा डबा उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब काही काळ शिल्लक राहतो.

हे सगळं झालं, की मग कार्डाला हात लावा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या टोकाशी एक छोटा खटका असतो. तो सोडवल्याशिवाय कार्ड ओढू नका, स्लॉट तुटतो. स्लॉटमध्ये बसणारी कार्डाची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पंखा बोटाने फिरवून पाहा. अडखळत असेल तर त्याचं बेअरिंग गेलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, तो ब्रशने काढा. वाळून खपली झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. गोल कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली, तर सोल्डरिंग जाणणारा कारागीर तो कपॅसिटर बदलून देईल. तापून बंद पडणारी कितीतरी कार्डं एवढ्यावर सुधारतात.

चिपच आतून तडकली असेल, तर गोष्ट वेगळी. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने चिपच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत सामग्रीमुळे १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. रोज तापणं आणि निवणं, यामुळे सिलिकॉन आणि त्याखालच्या पट्टीतले सूक्ष्म सांधे तुटत होते. तेव्हापासून कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय सांगितला जातो. कृपा करून तो करू नका. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. बहुतेक लोक त्याखालीच थांबतात. उष्णतेने तुटलेला सांधा तात्पुरता टेकतो, कार्ड काही दिवस चालतं आणि पुन्हा जातं. शिवाय प्लास्टिकची आणि रसायनांची वाफ जिथे आपण अन्न शिजवतो तिथे पसरते.

कार्ड खरंच गेलं, तरी मशीन टाकाऊ होत नाही. मदरबोर्डवर डिस्प्लेचं पोर्ट असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल, तर कार्ड काढा, केबल तिथे लावा. मराठी टायपिंग, पत्रव्यवहार आणि चित्रपट यांसाठी ते बहुधा पुरतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, त्यांत ही सोय नसते, एवढं पाहून घ्या.

आणि दुकानात जायचीच वेळ आली, तर नव्या कार्डाचे पैसे देण्याआधी एवढी मागणी जरूर करा: माझं कार्ड तुमच्या मशीनला लावून दाखवा, आणि तुमचं चालू कार्ड माझ्या मशीनला.