कुत्रं उगाच भुंकत नाही

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका पशुसखीने केलेले भाषण, तिच्याच शब्दांत)



शेळ्या-कोंबड्या सोडून पशुसखी आज कुत्र्यावर बोलायला उभी राहिली, म्हणून हसू येईल. पण गेल्या दोन महिन्यांत शेळीच्या जुलाबापेक्षा जास्त वेळा मला हेच विचारलं गेलंय. "ताई, शेजारचं कुत्रं रात्रभर भुंकतं, काही औषध आहे का?" एका गटात तर दोन सख्ख्या शेजारणी याच कारणानं बोलेनाशा झाल्या. एक बैठकीला आली की दुसरी हप्ता पोरीच्या हाती पाठवते. भाकरीला फवारणीचं औषध लावून टाकायची भाषाही झाली. म्हणून म्हटलं, आज यावर बोलूच.

भुंकणं म्हणजे कुत्र्याचं बोलणं. लहान लेकरू रडायला लागलं तर आपण आधी काय बघतो? भूक लागली का, ओलं झालं का, कान दुखतोय का. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण थेट दगड उचलतो.

काही भुंकणं तर कामाचंच असतं. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंतचा. म्हणजे आपल्याला जिथं सामसूम वाटते तिथं त्याला बरंच काही ऐकू येत असतं. वासाचं तर विचारूच नका. ज्या गावांच्या कडेला ऊस आहे, तिथल्या बायांना हे सांगायला नको. अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. मग अंधारात उसाकडं तोंड करून कुत्रं जीव तोडून भुंकत असेल, तर ते आधी स्वतःच्या जिवासाठी भुंकतंय. अशा वेळी त्याला गप्प करायला एकटीनं बाहेर पडू नका. बॅटरी लावा, घरातल्यांना उठवा.

पण आपली तक्रार त्या भुंकण्याची नाही. सायकल गेली भुंक, पान हललं भुंक, कुणीच नाही तरी भुंक, याची आहे. असं करणारी बहुतेक कुत्री मी बघितली ती चोवीस तास बांधलेली. हाताभर साखळी, खुंटीभोवती फिरून फिरून झालेला गोल खड्डा, पालथं पडलेलं पाण्याचं भांडं. कुत्रं मुळात कळपात राहणारं जनावर. सोबत लागते, हिंडायला लागतं, वास घ्यायला लागतो. मोकळं कुत्रं अनोळखी माणूस आला तर जवळ जाऊन हुंगतं, नाहीतर भिऊन लांब पळतं. बांधलेल्याला दोन्ही करता येत नाही. त्याच्याकडं एक आवाज तेवढा उरतो. १९६० सालच्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यातही आहे की, कुत्रं नेहमी बांधून ठेवायचं आणि त्याला फिरवायचंच नाही, हा गुन्हा आहे. हे मी कुणाला पोलिसांची भीती घालायला सांगत नाही. पण "आमचं कुत्रं, आम्ही काहीही करू" असं कुणी म्हटलं तर तसं नाही, एवढंच.

दुसरं, आपणच त्याला शिकवतो. ते भुंकलं की भाकरीचा तुकडा टाकतो, "घे आणि गप बस." त्याला काय कळलं? भुंकलं की भाकरी मिळते. रस्त्यानं जाणारा माणूस तर आपल्या वाटेनं जाणारच असतो, पण कुत्र्याला वाटतं, मी भुंकलो म्हणून तो पळाला. रोज दहा माणसं गेली की दहा वेळा त्याचा हा समज पक्का होतो. आणि आपण ओट्यावरून ओरडतो तेव्हा त्याला वाटत असेल, मालकीणबाईही आपल्या जोडीला भुंकतायत!

पिलू आणतानाही घाई होते. डोळे उघडले की उचललं, असं करू नका. दोन महिने तरी आईजवळ राहू द्या. आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याला माणसं, पोरं, गाड्या, गुरं सगळं दिसू द्या. त्या वयात जे बघितलं नाही, त्याला ते पुढं भितं. भित्रं कुत्रं फार भुंकतं.

एकदम भुंकणं वाढलं तर मात्र अंगावर हात फिरवून बघा. कानात गोचीड, पायात काटा, शेपटीखाली जखमेत अळ्या, असलं काहीतरी सापडतं. म्हातारं कुत्रं ऐकू-दिसू कमी आलं की रात्री घाबरून भुंकतं. माजावर आलेली कुत्री गल्लीत असली तर आठ-पंधरा दिवस सगळ्यांचीच झोप जाते. आणि कुत्रं रडलं की कुणीतरी जाणार, हे मनातून काढा बायांनो. लांबच्या कुत्र्याला साद घालायची ती पद्धत आहे, त्यात यमाचा काही संबंध नाही.

मग करायचं काय? खुंटी रस्त्याच्या तोंडावरून काढून मागल्या दाराला, सावलीत हलवा. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवा, पोरं आनंदानं नेतात. खायला ठरलेल्या वेळी द्या, भुंकल्यावर नको; गप्प झालं की द्या. पहिले काही दिवस ते आणखी जोरात भुंकेल, कारण त्याला वाटेल, नेहमीचं काम का होत नाही? तिथं आपण कंटाळून तुकडा टाकला की सगळं पाण्यात. घरात सगळ्यांनी एकच नियम पाळायचा, सासूबाईंनीही.

विषाचं मनातही आणू नका. ती भाकरी कुत्रंच खाईल असं कुणी सांगितलंय? शेळी खाईल, कोंबडी टोचेल, रांगतं लेकरू उचलेल. शिवाय तोही गुन्हाच आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याबद्दल एक गैरसमज आहे. खूप भुंकतं म्हणजे पिसाळलं, असं नाही. पिसाळलेल्याचा आवाज बदलतो, घोगरा होतो, कारण घसा लुळा पडत जातो. लाळ गळते, खाणंपिणं सुटतं, ओळखीच्यालाही चावतं. काही तर अजिबात भुंकत नाहीत, कोपऱ्यात पडून राहतात. अशाच्या तोंडात हात घालून हाड अडकलंय का बघायला जाऊ नका. कुठलंही कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. रोग एकदा अंगात उभा राहिला की माणूस हाती लागत नाही.

त्या दोघी शेजारणींचं विचाराल, तर कुत्र्याची खुंटी दोघींच्या भिंतीलगत होती, ती गटानं बसून मागे हलवायला लावली. संध्याकाळी त्याला मुलगा फिरवून आणतो. भुंकणं बंद झालं नाही, पण निम्म्यावर आलं. बाया अजून फार बोलत नाहीत, पण हप्ता भरायला दोघी स्वतः येतात.

आता एक काम. पिलू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, नंतर दर वर्षी. पुढच्या बैठकीत प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या गावातल्या पाळीव कुत्र्यांची यादी करा. मालकिणीचं नाव, कुत्र्याचं वय, लस झाली की नाही, एवढंच लिहा आणि माझ्याकडं द्या. एकदम तीस-चाळीस कुत्री असली की पशुवैद्यकीय दवाखान्याकडं गावातच शिबिर मागता येतं.