मतदार यादीतले नाव

वसाहतीतून सुटलेल्या देशापुढे अन्न, निवारा, सीमा असे प्रश्न एकदम उभे राहतात. भारतात त्यांच्याच जोडीला वरकरणी कारकुनी वाटणारे एक काम होते: प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव मतदार यादीत लिहिणे. ब्रिटिशांच्या 1935 च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून दिला होता. बहुसंख्य प्रौढ त्याबाहेरच राहिले. संविधानाने 21 वर्षांवरील सर्वांना मत दिले, तेव्हा 100 पैकी 80 हून अधिक लोकांना लिहितावाचता येत नव्हते.

यादीची तयारी संविधान लागू होण्याआधीच, फाळणीचे लोंढे येत असताना सुरू झाली. मतदाराने त्या ठिकाणी ठरावीक काळ वास्तव्य केलेले असावे, असा नियम होता. कालपरवा छावणीत उतरलेल्या निर्वासिताने ते कुठून दाखवायचे? म्हणून येथेच कायम राहण्याचा इरादा त्याने जाहीर केला, की त्याचे नाव घ्यावे असे ठरले. सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या शब्दावर नव्या राज्याने विश्वास ठेवला. राष्ट्र उभारणीच्या इतिहासात या निर्णयाला धरणांइतकेच मोठे स्थान द्यायला हवे.

मार्च 1950 मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्यापुढची अवघड गाठ स्त्रियांच्या नावांची होती. नवऱ्याचे नाव न घेण्याची चाल मराठी घरांतही होती. पण बिहार, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा भागांत अनेक बायका परक्या माणसाला स्वतःचेच नाव सांगत ना. नोंदणी करणारा दारात उभा राही आणि आतून उत्तर येई: अमक्याची आई, तमक्याची बायको. तो तसेच लिहून पुढच्या घरी जाई. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. बिहारला नावे दुरुस्त करायला जादा मुदत मिळाली, तरीही देशभरात सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर गेल्या. निर्णय कठोर होता आणि त्याची किंमत त्या स्त्रियांनी मोजली. पण कुणाची तरी कुणी म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने नागरिक व्हायचे, हा आग्रह योग्यच होता. दीक्षान्त समारंभात ज्या मुलींचे नाव आज पुकारले जाते, त्यांच्या पणजीच्या पिढीतली ही गोष्ट आहे.

निरक्षर मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली गेली आणि तिच्यावर बैलजोडी, झोपडी अशी चिन्हे चिकटवली. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. ती हव्या त्या पेटीत टाकली की झाले. त्यासाठी सुमारे 20 लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या लाखो मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

25 ऑक्टोबर 1951 रोजी हिमाचलच्या चिनी नावाच्या तहसिलीत पहिली मते पडली, कारण पुढे बर्फाने वाटा बंद होणार होत्या. इतरत्र मतदान फेब्रुवारी 1952 पर्यंत चालले. सुमारे 17 कोटी मतदारांपैकी 45 टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिले.

पुढे 1953 साली सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांच्याकडे आले. सुदान तेव्हा ब्रिटन आणि इजिप्तच्या संयुक्त अमलाखाली होता. तो 1956 मध्ये स्वतंत्र झाला.