रात्रीत उतरणारी बॅटरी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज हप्ते, व्याज यावर बोलणार नाही. बॅटरीवर बोलणार आहे. हसू नका, आपल्या एका गटात या बॅटरीवरून दोन महिने भांडण चाललं होतं.

त्या गटाने कर्ज काढून जुना छोटा टेम्पो घेतला. पहाटे सर्जेकोट बंदरावर मासळी घ्यायची, बर्फ घालायचा आणि वाटेतल्या गावांत विकत विकत कणकवलीला जायचं. टेम्पो गटातलीच एक ताई चालवते. एके दिवशी पहाटे गाडी चालूच होईना. ढकलून चालू केली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पोचायला इतका उशीर झाला, की बांगडा मिळेल त्या भावात देऊन टाकावा लागला.

मग बैठक. "तूच लाईट चालू ठेवलंस आसतलंस!" ती बिचारी सांगत राहिली, "नाय गे, मी सगळा बंद करून इलंय." कोणी ऐकलं नाही. तिच्या मानधनातून पाचशे रुपये कापले. नवीन बॅटरीही घेतली. आठ दिवसांत नवीही उतरली. मीसुद्धा त्या बैठकीत होते आणि गप्प बसले होते, हे इथे सांगायला हवं.

आता सरळ हिशेब बघा. गाडीची बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती भरतो. सकाळी टाकी रिकामी, याची कारणं तीन: टाकीच फुटकी, म्हणजे बॅटरी म्हातारी, ती भरतच नाही, म्हणजे अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बिघडलेला, नाहीतर रात्री कुठलातरी नळ चालू राहतो.

तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर मिळतो. तो डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू करून साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. आमच्या टेम्पोचं १४.२ आलं. म्हणजे भरणं व्यवस्थित होतं आणि बॅटरी तर नवीकोरी. राहिला चालू नळ.

तो शोधताना घाई करू नका. किल्ली काढा, दारं बंद करा. बॅटरीची उणे बाजूची, काळी केबल सोडा. मीटरची लाल सुई दहा अँपियरच्या भोकात घाला आणि मीटर डीसी अँपियरवर फिरवा. मग एक सुई सोडलेल्या केबलला, दुसरी बॅटरीच्या उणे टोकाला. मीटर असा लावलेला असताना गाडी चालू करायला जाऊ नका, मीटर जळेल. थोडा वेळ थांबून आकडा बघा. ०.०५ अँपियरपर्यंत चालतं, घड्याळ वगैरे तेवढं खातंच. आमच्याकडे दिसला १.८! बारा तासांत साडेएकवीस अँपियर-तास गेले आणि बॅटरी सगळी मिळून पस्तीसची.

मग एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजने आकडा झपकन खाली येईल, त्या लाइनीत चोर. आम्ही सगळे फ्यूज काढले, आकडा हलेना. म्हणजे वायर फ्यूजपेटीतून जातच नव्हती. मग ताईंनी बॅटरीच्या अधिक टोकापासून एकेका वायरीवर हात फिरवत नेला. एक वायर सीटखाली गेली. तिथे भोंग्याचा अॅम्प्लिफायर, "ताजी मासळी" पुकारायचा. हात लावला तर कोमट! माईकचं बटण फक्त आवाज बंद करत होतं, अॅम्प्लिफायर रात्रभर चालूच. बसवणाऱ्याने वायर थेट बॅटरीला जोडलेली, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. ती वायर सोडली आणि मीटर ०.०३ वर आला.

इलेक्ट्रिशियनने ती वायर किल्लीवर चालणाऱ्या लाइनीला जोडली, तिला वेगळा फ्यूज दिला. खर्च साडेतीनशे.

कधीकधी फ्यूज काढूनही आकडा हलत नाही आणि अशी वायरही सापडत नाही. तेव्हा मेकॅनिकला अल्टरनेटरचा डायोड बघायला सांगा. तो खराब झाला की उभ्या गाडीतही करंट मागे वाहतो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक त्रास. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. बॅटरी चांगली असून मेल्यासारखी वागते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन. सोडताना आधी काळी केबल, लावताना ती शेवटी. त्या भुकटीत आम्ल असतं, डोळे आणि साडी सांभाळा. बॅटरीजवळ काडी पेटवायची नाही, तिच्यातून पेटणारा वायू निघतो. पाणी घालायचं तर डिस्टिल्ड, विहिरीचं नको.

पुढच्या बैठकीत ताईंचे पाचशे परत केले. इतिवृत्तात "चूक चालकाची नव्हती" असं लिहा, हा हट्ट तिचाच. लिहिलं.

मीटर संघाच्या कपाटात आहे. वहीत सही करून न्या, दोन दिवसांत परत आणा, आणि आणताना बंद करून आणा. त्याचाही सेल उतरतो.