सौदा नाकारला म्हणून जन्मठेप?

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई उठेना. तिचा मुलगा चोरीच्या केसमध्ये आत आहे. कुणीतरी तिला सांगितलं, "कबूल करायला लाव, थोडक्यात सुटेल. नाही केलं तर जास्त लागेल." असं चालतं का, हा तिचा प्रश्न. आम्हाला उत्तर येईना. मग आम्ही वाचून काढलं.

अमेरिकेत बहुतेक खटले असेच मिटतात. तिथल्या केंटकी राज्यात पॉल हेज नावाच्या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. शिक्षा २ ते १० वर्षं. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, ५ वर्षं मागतो; नाहीतर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेजला आधी दोनदा शिक्षा झालेली होती. तरी तो नाही म्हणाला. खटला चालला आणि जन्मठेप झाली.

हेजचं म्हणणं, चेक तोच, गुन्हा तोच, मग शिक्षा वाढली कशाची? खटला चालवा म्हणालो त्याची! ही काही न्यायाची रीत नव्हे. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला, पाच विरुद्ध चार मतांनी. पाच जण म्हणाले, सौदा घ्यायची-नाकारायची मोकळीक त्याला होती आणि ते कलम त्याला लागूही पडत होतं. आम्हाला चौघांचं पटतं. नाही म्हटलं की जन्मठेप, ही कसली मोकळीक?

आपल्याकडे २००६ पासून अशी तडजोड करता येते, पण रीत वेगळी आहे. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच ती लागू होते. बायकांवरच्या आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराला नाही. अर्ज आरोपीनेच करायचा. न्यायाधीश त्याला बंद दालनात, समोरची बाजू नसताना विचारतात, मनापासून करतोयस ना? तडजोड फिसकटली तर अर्जात लिहिलेलं त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. हे त्या ताईला कुणी सांगितलंच नव्हतं.

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. बायकांनाही मिळतो. सोमवारी आम्ही दोघी ताईबरोबर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाणार आहोत. कबुली द्यायची की नाही, ते वकिलाशी बोलून तिचा मुलगा ठरवेल.