औषध सापडलं का, मॅडम?

(विद्यार्थी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय 'जीवरसायनशास्त्रातलं करिअर'. एमएस्सी, पीएचडी, व्याख्याता, प्राध्यापक, निवृत्ती. झालं करिअर! एकतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री शिकवली आणि त्यातली वीसेक वर्षं मेंदूच्या झिजेच्या आजारांवर, मुख्यतः पार्किन्सन्सवर, काम केलं. मी नेमकं काय करते हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. नावामागे डॉक्टर आहे म्हणून लग्नात जेवताना लोक मला गुडघेदुखी सांगतात.

रुग्णांचे नातेवाईक मात्र एकच प्रश्न विचारायचे. रक्ताचा नमुना घ्यायला आम्ही वॉर्डात गेलो की विचारायचे, "औषध सापडलं का, मॅडम?" आज त्याचंच उत्तर देते.

पार्किन्सन्स बरा करणारं किंवा थांबवणारं औषध अजून जगात कोणाकडेच नाही. लक्षणं कमी करणारं आहे, आणि चांगलं आहे. ते कसं मिळालं, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना टायरोसीन शिकवताना सांगायची. टायरोसीन हे डाळीत, दुधात, मटणात असणारं साधं अमिनो आम्ल. शरीर त्यापासून एल-डोपा बनवतं, एल-डोपापासून डोपामीन. मुलं हे परीक्षेसाठी पाठ करतात आणि विसरतात. गोष्ट ऐकली की विसरत नाहीत.

गोष्ट आपल्याकडेच सुरू होते. सर्पगंधा ही वनस्पती. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे सर्पगंधेचे अनुभव १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन सशांना दिलं, तर ससे थिजून बसले. मग एल-डोपा टोचलं, आणि ससे पुन्हा हिंडू लागले! रेसर्पिनने मेंदूतलं डोपामीन संपवलं होतं, एल-डोपाने ते परत भरलं. डोपामीनच का नाही टोचलं? ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. एल-डोपा शिरतं. परीक्षेत हा प्रश्न मी हमखास घालायची.

थिजलेला ससा पाहिला की पार्किन्सन्सचा माणूस आठवतो. पण आठवणं म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा व्हिएन्नात मिळाला. ओलेह होर्निकिएविझ यांनी पार्किन्सन्सने मेलेल्या माणसांचे मेंदू मागून घेतले आणि त्यांतलं डोपामीन मोजलं. हालचाल सांभाळणाऱ्या भागात ते जवळजवळ संपलेलं होतं. हा निबंध १९६० चा. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि वाल्थर बिर्कमायर यांनी रुग्णांना एल-डोपा टोचलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही काळ उठून चालली. १९६७ मध्ये जॉर्ज कोटझियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत दिलं. आजची गोळी त्याच वाटेवरची आहे.

(आपल्या खाजकुयलीच्या बियांतही एल-डोपा असतं, मद्रासच्या संशोधकांनी ते १९३७ सालीच दाखवलं होतं. पण म्हणून कुणी गोळी बंद करून चूर्ण सुरू करू नका. चूर्णात ते किती आहे, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.)

आता माझ्या कामाकडे येते. आम्ही काय मोजत होतो? रक्त. पेशींना ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणारं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य रुग्णाच्या रक्तात किती उरलंय, ते पाहायचो. शिवाय उंदीर. निबंध छापून आले, मुलांच्या पीएचडी झाल्या. पण रक्त हा काही मेंदूचा आरसा नाही, आणि उंदराला पार्किन्सन्स आपोआप होतही नाही, आपण घडवून आणतो. मेंदूच्या नेमक्या त्या काळ्या भागात ग्लुटाथायोन घटतं हे जगाला कळलं ते मेलेल्या माणसांच्या मेंदूंवरून. हात थरथरायला लागतो तोवर तिथल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. जिवंतपणी तिथून तुकडा काढून तपासता येत नाही.

अल्झायमर्सचंही तेच. १९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी जे वर्णन केलं, ते एका मृत बाईच्या मेंदूचं. त्या मेंदूतल्या गाठी टाऊ नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि त्या प्रथिनावर फॉस्फेटचा नको इतका भार चढलेला असतो, हे १९८६ मध्ये इंगे ग्रुंडके-इक्बाल आणि खालिद इक्बाल या जोडप्याने दाखवलं. तेही दान मिळालेल्या मेंदूंतच.

आपल्याकडे काय? भारतात साठीच्या पुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीने हा आकडा ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा काढला. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात हा आजार लांबवू किंवा टाळू शकणाऱ्या चौदा गोष्टी आहेत. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, ऐकू न येणं आहे, आणि लहानपणचं अपुरं शिक्षण आहे. सातवीत शाळेतून काढलेली मुलगी सत्तराव्या वर्षी काय भोगते, याचा हिशोब आपण कधी मांडलाच नव्हता. आपल्या घरांत मात्र नानी तीच गोष्ट दहादा विचारते तर 'सठिया गई' म्हणून हसतात, किंवा बाहेरचं काही झालं म्हणून धागा बांधतात. डॉक्टरकडे नेतात ते ती घराचा रस्ता विसरल्यावर.

आणि मेंदू? बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. तिला आजारी मेंदू लागतात आणि तुलनेसाठी निरोगीही लागतात. निरोगी मिळणं जास्त अवघड, कारण धडधाकट माणसाच्या घरी हा विषय निघतच नाही. मी वॉर्डात कितीतरी कुटुंबांशी बोलले. हिंदू असोत, मुस्लिम असोत, 'नाही' एकसारखंच येतं. फक्त कारणं वेगळी.

आपल्याकडे दोन भीती ऐकते. पहिली, दफनाला उशीर होईल. मेंदू काही तासांतच काढावा लागतो, नाहीतर तो उपयोगाचा राहत नाही. म्हणजे घाई त्यांनाही असतेच. दुसरी, मय्यतची विटंबना होईल. छेद डोक्याच्या मागच्या बाजूने घेतात, शिवतात, चेहरा तसाच राहतो. देहदानात देह लगेच परत मिळत नाही, इथे मिळतो. गुसल, कफन, जनाजा, दफन सगळं होतं. उलेमांचं म्हणाल तर अवयवदानावर दोन्ही बाजूंची मतं आहेत, आणि कितीतरी मुस्लिम देशांत प्रत्यारोपण कायद्याने चालतं. ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एवढंच विचारते की घरातल्या अब्बांची रोजची गोळी ज्यांच्या मेंदूंमुळे मिळाली, ते लोक कोण होते?

ज्यांना या विषयात यायचंय त्यांच्यासाठी थोडं. एमबीबीएसचा नंबर हुकला म्हणून बायोकेमिस्ट्रीत येऊ नका, वर्षभर रडाल. बीएस्सीला आवडली तर या. नेट द्या, जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. लग्नाची घाई करणाऱ्या घरात हा आकडा मोठ्याने सांगा, उपयोग होतो. आणि शिकवायला कमी लेखू नका. माझ्या वर्गातल्या दोन मुली आज न्यूरॉलॉजिस्ट आहेत, आणि टायरोसीनचा तो तक्ता त्यांना अजून येतो.

माझं स्वतःचं इच्छापत्र मी भरलंय. पण त्या वेळी संमती घरच्यांनाच द्यावी लागते. मुलगा तयार आहे. बहीण म्हणते, "आपा, हा विषय माझ्यासमोर काढू नकोस." दर ईदला मी काढते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.