गवयाचें दुकान

सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सीतास्वयंवराचा खेळ उभा केला, ही गोष्ट शाळकरी मुलांनाहि पाठ असते. तिच्या पुढची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. १८५१ मध्यें चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचा हात आखडला. पदरीं नटमंडळी, त्यांचीं बायकामुलें, पोषाखांच्या पेट्या, आणि पोसणारा धनी तर नाहींसा झालेला! भाव्यांनीं मंडळी बरोबर घेऊन मुलूख पालथा घातला, आणि १८५३ सालीं मुंबईस ग्रँट रोडवरच्या नाटकगृहांत तिकिटें लावून खेळ केले. त्या खेळांची जाहिरात ‘बाँबे टाइम्स’सारख्या इंग्रजी पत्रांत छापून आली. मराठी रंगभूमीवर तिकीट आणि जाहिरात हीं दोन पात्रें आलीं तीं हौसेनें आलीं नाहींत. चुलीच्या काळजीनें आलीं.

त्या काळजीला आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं, तरी सातारा-सांगलीकडील एकाद्या तरुण गवयास ती जुनी वाटणार नाहीं. गुरूपाशीं दहा-बारा वर्षें घासून तो तयार होतो. वर्षाकाठीं मोजक्या बैठकी, चार शिकवण्या, गणेशोत्सवांतला एकादा कार्यक्रम, एवढ्यावर संसार चालवावयाचा असतो. संस्थानें गेलीं, तबकड्या गेल्या, ध्वनिफिती आणि सीडीहि गेल्या. त्याच्या हातीं राहिला तो खिशांतला फोन, आणि त्या फोनमधून साऱ्या जगाला गाणें ऐकवितां येतें असें त्याला जो तो सांगत असतो. हें सांगणें खरें आहे. मात्र तें अर्धेंच खरें आहे. ऐकवितां येतें, विकतां येतें कीं नाहीं हा प्रश्न निराळा.

या प्रश्नाचीं उत्तरें आपल्या भागांतील माणसांनीं पूर्वीं निरनिराळ्या तऱ्हांनीं काढलेलीं आहेत. कुरुंदवाडास जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले आणि १८९६ मध्यें मिरजेंतून बाहेर पडले. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत गाऊन त्यांना मान मिळाला असता. परंतु सौराष्ट्रांत त्यांनीं अल्प दराचें तिकीट लावून सामान्य लोकांकरितां जलसा केला. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. स्वरलिपि बसविली, पुस्तकें छापलीं, मासिकहि चालविलें. गाणें, तें शिकविणें, तें छापणें आणि त्याची वार्ता लोकांपर्यंत पोंचविणें हीं चारहि कामें त्यांनीं आपल्याच हातीं ठेविलीं. ह्यांतला धोकाहि त्यांनाच सोसावा लागला. मुंबईच्या विद्यालयाची इमारत पुढें कर्जापायीं लिलांवांत गेली. पुढें केव्हांहि कोणी ‘स्वतंत्र कलावंत’ हा शब्द फार सैलपणानें वापरूं लागला तर त्या लिलांवाची आठवण त्याला करून द्यावी.

दुसरें उत्तर मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खांसाहेबांचें. अनेक उस्ताद तबकडीला भीत असत. आपली विद्या चोरीस जाईल असें त्यांस वाटे. खांसाहेबांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच ध्वनिमुद्रण करून दिलें, आणि १९३७ सालीं ते वारले त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांत पुन्हा केलें. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही त्यांची ठुमरी तबकडीमुळेंच घरोघर गेली. रात्रभर चालणारें गाणें तीन-साडेतीन मिनिटांत बसवावयाचें, ही शिस्त त्या पिढीला तबकडीनें लाविली. गंमत अशी कीं यूट्यूबनें आपल्या ‘शॉर्ट्स’ची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून एका मिनिटाची तीन मिनिटें केली. म्हणजे फिरून फिरून गाडी तबकडीच्याच ठिकाणीं आली म्हणावयाची! खांसाहेबांच्या कन्या, मिरजेसच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर, ह्या तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या कांहीं स्त्रियांपैकीं होत. त्या काळीं घरंदाज बाईनें लोकांपुढें बसून गावें आणि त्याचें मोल घ्यावें याला केवढें धैर्य लागलें असेल याची कल्पना आज सहज येणार नाहीं.

आतां आजचा बाजार पाहूं. स्पॉटिफाय, ॲपल म्यूझिक, जिओसावन हीं मोठीं दुकानें. त्यांच्या फळीवर आपला माल मांडावयाचा तर बहुतेक वेळां मध्यें एक वितरक लागतो. डिस्ट्रोकिड, सीडी बेबी, ट्यूनकोअर हीं अशा वितरकांचीं नांवें. कोणी वर्षाचे पैसे घेतो, कोणी विक्रींतला भाग घेतो. वर्षाची फी घेणाऱ्याकडे ती थकली तर गाणीं दुकानांतून उतरूं शकतात, हें आधीं वाचून घ्यावें. वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणास बारा अक्षरांकांचा एक क्रमांक देववितो. त्याला आयएसआरसी म्हणतात. हा क्रमांक म्हणजे त्या मुद्रणाचा जन्मदाखला. दुकान बदललें, वितरक बदलला, तरी मूल तेंच राहावें म्हणून तो वहींत उतरून ठेवावा.

दाखल्यावर नांव नीट लिहावें हें सांगण्याची वेळ येऊं नये, पण येते. एका गाण्यावर ‘कुलकर्णी’, दुसऱ्यावर नुसतें आद्याक्षर, तिसऱ्यावर रोमन लिपींत भलतेंच, असें झालें कीं यंत्र त्यांना तीन माणसें समजतें आणि तीन ठिकाणीं ठेवतें. रागाचें नांव, ताल, बंदिशीचा कर्ता, तबला आणि पेटी कोणाची, हें सर्व भरावें. साथीदाराचें नांव गाळणें ही मैफलींत असभ्यता होती. येथें ती असभ्यता तर आहेच, शिवाय व्यवहाराची चूक आहे, कारण साथीदाराचे चाहतेहि त्याच्या नांवानें गाणें शोधीत येतात.

ह्या दुकानांतून पैसा किती येतो? रसिकानें महिन्याची वर्गणी भरली म्हणजे ती त्याच्या आवडत्या गवयाच्या हातीं पडते असा पुष्कळांचा समज आहे. तसें सहसा होत नाहीं. बहुतेक ठिकाणीं सर्वांची वर्गणी एका रांजणांत जाते आणि एकंदर ऐकण्यांत ज्याचा जेवढा वांटा तेवढें त्याला मिळतें. तेथें सिनेमागीतांच्या पुरापुढें मारव्याचा ओहोळ तो काय टिकणार! त्यांतच स्पॉटिफायनें २०२४ पासून असा नियम केला कीं बारा महिन्यांत निदान १००० वेळां न ऐकल्या गेलेल्या मुद्रणास त्या रांजणांतला वांटाच मिळावयाचा नाहीं. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नाचा वांटा मिळण्यास १००० सभासद आणि वर्षांत ४००० तास पाहणें ही रूढ अट आहे. छोट्या चित्रफितींकरितां तिचें निराळें गणित आहे. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटें. वीस मिनिटांचा ख्याल अथपासून इतिपर्यंत १२,००० वेळां ऐकला गेला पाहिजे! अर्ध्यावर उठून जाणारे श्रोते मैफलींत दिसतात तरी. येथें ते दिसत नाहींत, नुसते मोजले जातात.

म्हणून ह्या दुकानांकडे उत्पन्न म्हणून न पाहतां पाटी म्हणून पाहणें अधिक शहाणपणाचें. पाटीवरून गिऱ्हाईक दारापर्यंत येतें. विक्री दाराच्या आंत होते. बँडकँप ह्या ठिकाणीं गवई आपली किंमत स्वतः ठरवितो. तें ठिकाण डिजिटल विक्रींतून साधारण १५ टक्के घेतें आणि उरलेलें, पैसे वळतें करण्याचा खर्च वजा जातां, गवयाला देतें. खरेदीदार हवें तर अधिकहि देऊं शकतो आणि पुष्कळ देतातहि. तेथील पैसा पेपालमार्फत येतो, आणि पेपालनें १ एप्रिल २०२१ पासून भारतांतल्या भारतांत होणारे व्यवहार बंद केले. तेव्हां ती वाट परदेशांतील रसिकांकरितां धरावी. न्यू जर्सीस किंवा लंडनास राहणाऱ्या मराठी कुटुंबांत जुन्या बंदिशी विकत घेऊन ऐकणारीं माणसें आहेत. घरच्या रसिकाकरितां यूपीआयसारखी सोपी सोय दुसरी नाहीं. कऱ्हाडच्या किंवा विट्याच्या बैठकींत दाराशीं क्यूआर कोडची एक पाटी लावावी, पैसे आले कीं गाण्याचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवावा. दोनशें रुपयांना साठ माणसांनीं एक मुद्रण घेतलें तर १२,००० रुपये होतात. पेटी-तबल्याच्या बिदागीची तरी सोय लागते.

विक्रीपेक्षां कठीण गोष्ट हक्काची. भाव्यांचे खेळ चालूं लागतांच गांवोगांव तशाच नाटकमंडळ्या निघाल्या. त्यांनीं तऱ्हा उचलली. मूळ पुरुषाला त्यांतून काय मिळालें? भाव्यांनीं आपलीं पदें ‘नाट्यकवितासंग्रह’ ह्या नांवानें छापलीं तीं १८८५ सालीं, म्हणजे रंगभूमि सोडून वीस वर्षांवर काळ लोटल्यावर. आज कायदा आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. परंपरागत बंदिश सर्वांची. परंतु तिचें अमुक दिवशीं केलेलें मुद्रण निर्मात्याचें. खर्च कोणी केला आणि कागदावर निर्माता म्हणून कोणाचें नांव पडलें, ह्यावर मालकी ठरते. स्नेहाखातर फुकट मुद्रण करून देणाऱ्या स्टुडिओवाल्याशींहि चार ओळींचा कागद करून ठेवावा. स्नेह त्यानें कमी होत नाहीं. १९५७ च्या कायद्याप्रमाणें हक्क लिहून देतांना मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षांची धरतात आणि प्रदेश घातला नसेल तर तो भारतापुरता धरतात. म्हणूनच छापील करारांत ‘कायमचे’ आणि ‘अखिल विश्वांत’ हे शब्द न विसरतां घातलेले आढळतात. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार, संगीतकार व गायक ह्यांना मानधनाचा वांटा राखून ठेवला. गीतकार-संगीतकारांकरितां १९६९ पासूनची आयपीआरएस ही संस्था तो वसूल करते. पण सभासद न झालेल्याचा वांटा घेऊन त्याचें दार कोण शोधीत येणार?

आणखी एक फसगत हल्लीं फार होते. बाजारांत मिळणारा तयार ठेका खालीं घालून अभंग म्हटला आणि वर चढविला. तोच ठेका शेंकडों मुद्रणांत असतो. त्यांतल्या कोणी आपलें मुद्रण यूट्यूबच्या ओळख-यंत्रांत नोंदविलेलें असलें तर यंत्र ठेका ओळखतें आणि अभंग त्याचाच ठरवून उत्पन्न तिकडे वळवितें. हरकत घेतां येते, परंतु पुरावा लागतो. खराखुरा तबलजी बसवावा, पैसे पडले तरी चालतील. आवाजहि चांगला येतो.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. वाद्याचें गांव कोणतें हें आतां कायद्यानेंच ठरलें. त्या वाद्यावर वाजविणाऱ्याचें गांव मात्र यंत्राला ठाऊक नसतें. तें लोकांना ठाऊक असलें पाहिजे. सातारा जिल्ह्यांतील औंधास अंतुबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्यें संगीतोत्सव सुरू केला. मोठ्या शहरापासून दूरच्या त्या गांवीं नामांकित गवई आले, आणि श्रोते त्यांच्यासाठीं वाट वांकडी करून गेले. अशी जी माणसें येतात त्यांचीं नांवें गवयापाशीं असावींत. रेसो नांवाचें ऐकण्याचें दुकान जानेवारी २०२४ अखेर भारतांत बंद पडलें, विंक म्यूझिकनेंहि त्याच वर्षीं गाशा गुंडाळला. तेथें जमविलेले अनुयायी तेथेंच राहिले, कारण त्यांचे पत्ते दुकानाचे होते, गवयाचे नव्हते. दोन रुपयांचा कागद आणि एक पेन्सिल बैठकीच्या दाराशीं ठेवली तर ज्याला पुढचें गाणें ऐकावयाचें आहे तो आपण होऊन नांव आणि फोन लिहून जातो. कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्रीं तीं नांवें वहींत उतरावींत. सकाळपर्यंत तो कागद कोणी तरी चिवडा बांधायला घेतलेला असतो.